बाळाच्या डोळ्यावरचा शोधनिबंध आणि आपली सही

मागे आपण लहान मुलांच्या डोळ्यांवर बोललो होतो. तेव्हापासून गटांच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातोय. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बाळाचे डोळे दाखवायला गेलं की डॉक्टर डोळ्यांचे फोटो काढतात, आईबापाचं रक्त घेतात, माहेर-सासरची तीन पिढ्यांची माणसं विचारतात, आणि मग एक इंग्रजी कागद पुढे करून म्हणतात, इथे सही करा. हे सगळं कशाला? आणि त्या कागदाचं पुढे होतं काय?

आम्ही गटांच्या समन्वयक, डॉक्टर नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून आम्ही वाचलं, जाणत्या लोकांशी बोललो आणि आज ते तुमच्यापुढे ठेवतोय. थोडं सावकाश ऐका. भाकऱ्या थापता थापता ऐकलंत तरी चालेल, पण मधलं एक वाक्य निसटू देऊ नका, ते कुठलं ते आम्ही सांगू.

बाळावरचे उपचार हे त्या तपासण्यांचं पहिलं कारण. दुसरं कारण असं की त्यातल्या काही माहितीचा शोधनिबंध होतो. शोधनिबंध म्हणजे डॉक्टरांनी किंवा शास्त्रज्ञांनी आपल्याला जे आढळलं ते आकड्यांसकट, पुराव्यासकट लिहून काढणं. तो एखाद्या नियतकालिकाकडे जातो. तिथला संपादक तो लगेच छापत नाही. त्याच विषयातल्या दोन-तीन परक्या तज्ज्ञांकडे तपासायला पाठवतो. ते चुका काढतात, शंका विचारतात, कधी सरळ परत पाठवतात. आपल्या गटाचा हिशेब ऑडिटरकडे जातो ना, तसंच. यात कित्येक महिने जातात. मग तो छापला जातो आणि जगातला दुसरा डॉक्टर तो वाचून आपल्यासमोरच्या पेशंटसाठी वापरतो.

डोळ्यांचे कितीतरी आजार रक्तातून, म्हणजे घराण्यातून येतात, आणि त्या सगळ्यांवर असे निबंध निघतात. सगळे सांगत बसलो तर कार्यक्रम संपेल. आम्ही एकच आजार घेतो, कारण त्यात वेळेला फार किंमत आहे आणि तो पहिल्यांदा आईलाच दिसतो. त्याचं नाव रेटिनोब्लास्टोमा. नाव अवघड आहे, पाठ करू नका. बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर होणारी कर्करोगाची गाठ, एवढं लक्षात ठेवा. साधारण पंधरा ते वीस हजार बाळांत एका बाळाला होते, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. आपल्या देशात मुलं जास्त जन्मतात, त्यामुळे या आजाराची सगळ्यांत जास्त मुलंही आपल्याच देशात असतात.

दिसतं कसं? डोळ्याच्या मधल्या काळ्या बाहुलीत पांढरट चमक दिसते. आपल्याकडच्या बायका म्हणतात, रात्री दिव्याच्या उजेडात मांजराच्या डोळ्यासारखं चमकतं. मोबाईलच्या फ्लॅशने फोटो काढला तर एक डोळा लाल येतो आणि दुसरा पांढरा. काही बाळांचा डोळा तिरळा दिसायला लागतो. मैत्रिणींनो, निसटू द्यायचं नाही ते वाक्य हे: बाहुलीत पांढरी चमक दिसली तर महिना-पंधरा दिवस वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. तो जन्मजात मोतीबिंदूही असू शकतो, पण त्यालाही थांबून चालत नाही. ‘फूल पडलंय, जाईल आपोआप’ म्हणून मध घालणं, झाडपाला पिळणं, यात दिवस जातात.

आता या आजाराचा निबंधांशी संबंध काय? 1971 साली अमेरिकेत आल्फ्रेड नुडसन नावाच्या मुलांच्या डॉक्टरांनी एक निबंध छापला. अवघी चार पानं. त्यांनी ना नवीन यंत्र आणलं, ना नवीन औषध. ह्यूस्टन शहरातल्या एका कर्करोग रुग्णालयात आलेल्या 48 मुलांचे जुने केसपेपर घेऊन बसले. कोणाच्या एका डोळ्यात गाठ, कोणाच्या दोन्ही डोळ्यांत, कितव्या महिन्यात सापडली, घरात आधी कुणाला होती का. एवढंच मांडलं आणि हिशेब केला. आता विचार करा, हे केसपेपर भरले कसे असतील? ‘बाळाच्या डोळ्यात चमक कधी दिसली?’, ‘तुमच्या भावाला, वडिलांना लहानपणी डोळा काढावा लागला होता का?’ अशा प्रश्नांना घरच्यांनी, बहुतेक करून आयांनी, उत्तरं दिली असणार.

हिशेबातून त्यांना दिसलं की दोन्ही डोळ्यांत गाठ असलेली मुलं लवकर आजारी पडतात, एका डोळ्यावाली उशिरा. यावरून त्यांनी जो अंदाज बांधला तो आम्ही आपल्या गटाच्या पेटीवरून समजून घेतला. पेटीला दोन कुलपं आहेत असं धरा. चोराला पेटी उघडायची तर दोन्ही तुटायला हवीत. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत गाठ होऊ न देणारी अशी दोन कुलपं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. बहुतेक बाळांची दोन्ही शाबूत असतात. पडद्याच्या एखाद्या पेशीत ती दोन्ही तुटण्याचा योग फार क्वचित येतो, आणि आला तर एकाच डोळ्यात एक गाठ होते. पण काही बाळं जन्मतःच एक कुलूप तुटलेलं घेऊन येतात, आणि ते सगळ्याच पेशींत तुटलेलं असतं. मग उरलेलं एक कुठेही तुटलं की गाठ. म्हणून त्यांना लवकर होते, आणि दोन्ही डोळ्यांत होते.

कुलूप म्हणजे जनुक. पंधरा वर्षांनी, 1986 साली, अमेरिकेतल्या बॉस्टनकडच्या संशोधकांनी ते जनुक वेगळं काढून दाखवलं आणि ‘नेचर’ नावाच्या नियतकालिकात त्याचा निबंध छापला. तेराव्या गुणसूत्रावर आहे ते, आरबी-वन म्हणतात. कर्करोगाला अडवणारं जनुक हातात सापडण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे बाकीच्या कर्करोगांच्या अभ्यासालाही ही दोन कुलपांची कल्पना उपयोगी पडली. सुरुवात मात्र झाली बाळांच्या डोळ्यांपासून.

बरं, याचा आपल्याला फायदा काय? फायदा पाठच्या भावंडांना. एका मुलाला हा आजार निघाला की त्याच्या रक्ताची जनुक तपासणी करता येते. त्यात तुटलेलं कुलूप नेमकं सापडलं, तर भावंडाच्या रक्तात तेच आहे का एवढंच बघायचं. नसेल तर त्या भावंडाला दर थोड्या दिवसांनी भूल देऊन डोळे तपासायची गरज राहत नाही. असेल तर जन्मल्यापासून तपासत राहायचं आणि गाठ मोहरीएवढी असतानाच लेसरने, थंडाव्याने किंवा औषधाने जाळायची. जनुक तपासणी जमली नाही तरी भावंडांचे डोळे तपासायलाच हवेत, अगदी जन्मल्यापासून. आणि ज्या आई किंवा बापाला स्वतःला लहानपणी हा आजार सगळ्या पेशींतल्या तुटलेल्या कुलपामुळे झाला होता, त्यांच्या प्रत्येक बाळाला ते कुलूप मिळण्याची शक्यता अर्धी अर्धी असते. छापापाणी म्हणा ना. अशा माणसांनी मोठेपणीही डॉक्टरांच्या नजरेखाली राहावं, कारण त्यांना पुढे दुसऱ्या प्रकारचा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आता एक घरातलं बोलतो. आमच्या एका गटातल्या ताईच्या दोन वर्षांच्या मुलीला हा आजार निघाला. मुलीचा जीव वाचवायला एक डोळा काढावा लागला. आज ती कृत्रिम डोळा लावून अंगणवाडीत जाते, गाणी म्हणते. पण ताईच्या सासरी वर्षभर एकच चाललं होतं: ‘हे तुझ्या माहेरचं. आमच्या घराण्यात असलं काही नाही.’ ताईच्या माहेरीही नव्हतं. पण तिचं कोण ऐकणार? दुसरी मुलगी बघू या, इथवर बोलणी गेली होती.

म्हणून हा पुढचा निबंध आम्ही मुद्दाम सांगतो. दोन्ही डोळ्यांत गाठ असलेल्या मुलांपैकीसुद्धा बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच हा आजार झालेला नसतो. कुलूप नव्यानेच तुटलेलं असतं. ते कुठून आलेलं तुटतं, हे संशोधकांनी आई, बाप आणि मूल अशा तिघांचं रक्त तपासून पाहिलं. 1989 साली ‘नेचर’मध्येच ते छापून आलं. निष्कर्ष असा, की सगळ्या पेशींतलं कुलूप जेव्हा नव्याने तुटलेलं असतं, तेव्हा ते बहुतेक वेळा बापाकडून आलेलं असतं.

थांबा, हसू नका. आता नवऱ्यांना बोलणी लावायची म्हणून आम्ही हे सांगत नाही. बापाच्या शरीरात बीज तयार होताना नक्कल करण्यात चूक होते, त्याने काही केलेलं नसतं, त्याला कळतही नाही. दोष कुणाचाच नसतो. ना ग्रहणात भाजी चिरलेली असते, ना देवीचा कोप असतो. पण जी बोलणी बाईलाच ऐकावी लागतात, त्यांना उत्तर म्हणून ही छापलेली गोष्ट आपल्याजवळ असावी. आम्ही त्या ताईच्या घरी गेलो, तिच्या दिरासमोर हे सगळं मांडलं. दीर बारावी सायन्स झालेला, त्याला गुणसूत्रं ठाऊक होती. त्यानेच आईला समजावलं. सगळं एका दिवसात निवळलं असं नाही, पण दुसऱ्या लग्नाचं बोलणं थांबलं.

आणि हो, एक गल्लत करू नका. मामाच्या किंवा आत्याच्या घरी नात्यात लग्न केल्याने होणारे डोळ्यांचे आजार वेगळे. जन्मजात काचबिंदू किंवा रातांधळेपणापासून सुरू होऊन हळूहळू नजर घालवणारे काही आजार, यांत आईबाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. नात्यात लग्न झालं की तसं होण्याची शक्यता वाढते. रेटिनोब्लास्टोमाचं तसं नाही.

आता डॉक्टर घराण्यातली माणसं विचारतात त्याबद्दल. ते त्या माहितीचा एक नकाशा काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला आजार त्याचा चौकोन किंवा गोल काळा भरायचा. नवरा-बायकोमध्ये एक रेघ, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. माणूस गेलेलं असेल तर त्यावर तिरकी रेघ. शोधनिबंधांत असे नकाशे छापलेले असतात. आम्ही ते पाहिले तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हे तर आपल्या आजीला तोंडपाठ असतं! कुठली आत्या लहानपणी गेली, कुणाला रात्री दिसायचं नाही, कुणाचं कुणाशी लग्न लागलं. बापे मंडळींना विचारा, दोन पिढ्यांच्या मागे जाता येत नाही. त्यामुळे दवाखान्यात नवरा बोलतोय म्हणून गप्प बसू नका. तुम्ही सांगितलेली एक आत्या त्या नकाशात आली नाही, तर निष्कर्ष बदलू शकतो.

बरं, हे निबंध वाचायला कुणाला मिळतात? इथे आम्हाला जरा रागच आला. लिहिणाऱ्याला नियतकालिक पैसे देत नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञालाही सहसा देत नाही. पेशंटला तर नाहीच. पण छापून झालं की पुष्कळ नियतकालिकांत एकेक निबंध वाचायला दोन-तीन हजार रुपये पडतात. आपल्या जिल्ह्याच्या डॉक्टरने ते का भरावेत? सगळीच तशी नाहीत, हेही सांगायला हवं. डोळ्यांच्या जनुकांवरचं ‘मॉलिक्युलर व्हिजन’ नावाचं अमेरिकेतलं नियतकालिक 1995 पासून इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. आपल्या देशातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ 1953 पासून निघतं, तेही फुकट वाचता येतं. सरकारने 2024 च्या नोव्हेंबरात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची. त्यातून सरकारी कॉलेजांना आणि संशोधन संस्थांना जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं वाचता येतील. म्हणजे गटातल्या कुणाची मुलगी सरकारी कॉलेजात शिकत असेल, तर तिला सांगा, आईच्या कामाचं काहीतरी तिथे शोधून वाच म्हणावं.

आता सहीचं. त्या ताईनेही एका कागदावर सही केली होती. कागद इंग्रजीत, पुढे रांग, हातात रडणारं मूल. पुढे तिला वाटायला लागलं, मुलीचा फोटो कुठे छापला तर नसेल? दवाखान्याचं नाव इथे घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं मुळीच नाही.

नियम काय आहे तो ऐका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 साली संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याप्रमाणे संशोधनाची माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला हवी, आणि अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. कागदाची प्रत तुम्हाला मिळायला हवी. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. हो म्हणून नंतर माघार घेतलीत तरी बाळाच्या उपचारात फरक पडता कामा नये. मूल सात वर्षांच्या पुढचं असेल तर त्यालाही विचारायला हवं.

उपचाराची संमती वेगळी आणि संशोधनाची वेगळी, हे मात्र नीट लक्षात घ्या. ‘ऑपरेशनसाठी सही’ म्हणून दिलेला कागद संशोधनाचा असू नये. म्हणून सही करायच्या आधी विचारा: डॉक्टरसाहेब, ही सही उपचाराची की अभ्यासाची? रक्त किती दिवस ठेवणार? त्यातून काही कळलं तर आम्हाला सांगणार का? बाळाचा फोटो छापणार का, आणि कसा? हे विचारल्याने डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते, आम्हालाही वाटायची. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं की आईला कळतंय.

फोटोबद्दल एक गंमत सांगतो. पूर्वी पेशंटची ओळख लपवायला फोटोतल्या डोळ्यांवर काळी पट्टी मारायचे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, ती स्पष्ट म्हणते की नुसते डोळे झाकले म्हणून ओळख लपत नाही. आणि डोळ्यांच्या आजारात तर डोळेच दाखवायचे असतात! म्हणून चेहरा ओळखू येत असेल तर आईबापाची लेखी परवानगी हवी. फक्त बाहुलीचा जवळून काढलेला फोटो पुरत असेल तर तेवढाच घ्या, असं आपण म्हणू शकतो.

मग सही करायची की नाही? आमचं मत विचाराल तर, नीट समजावून सांगितलं आणि पटलं तर करावी. ते आम्ही का म्हणतो, त्याचं कारण 2020 साली छापलेल्या एका निबंधात आहे. 153 देशांतल्या 4351 मुलांची माहिती त्यात एकत्र केली होती, सगळी एकाच वर्षात निदान झालेली रेटिनोब्लास्टोमाची मुलं. श्रीमंत देशांत निदानाचं मधलं वय निघालं चौदा महिने. म्हणजे निम्म्या मुलांचा आजार चौदा महिन्यांच्या आतच सापडला. सगळ्यांत गरीब देशांत हेच वय अडीच वर्षं. त्या सव्वा वर्षात काय होतं? श्रीमंत देशांत शंभरातल्या एक-दोन मुलांची गाठ निदानाच्या वेळी डोळ्याबाहेर पसरलेली होती, गरीब देशांत शंभरातल्या 49 मुलांची. गाठ डोळ्यातच असते तोवर बहुतेक मुलं वाचतात. आणि शंभरातल्या 63 मुलांत पहिलं लक्षण कोणतं होतं? तीच पांढरी चमक. हे आकडे कुठून आले? 4351 घरांतून.

शेवटी कामाचं. आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी मूल घरी झोपलंय म्हणून ठेवू नका, उठवून आणा, आणि डोळ्यांबद्दल काही शंका असेल तर त्या डॉक्टरांना तोंडाने सांगा. मोठ्या दवाखान्यात जाताना बाळाचा फ्लॅशने काढलेला फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. जायला गाडीभाडं नसेल तर गटाचं अंतर्गत कर्ज आहे, त्यासाठी महिन्याच्या बैठकीची वाट बघू नका, अध्यक्षांना फोन करा.

आणि येत्या बैठकीला येताना वही-पेन्सिल आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही घेऊन या. चौकोन आणि गोल काढून प्रत्येकीच्या घराण्याचा नकाशा आपण तिथेच बसून काढणार आहोत. माहेरचा एक, सासरचा एक.